सहाव्या खोलीची डावी भिंत

अप्पा, तुमचा गवंडीकामाचा ओळंबा काल मी चौदा वर्षांनी पिशवीतून बाहेर काढला. दोरी कुजून गेली होती, हात लावताच तुटली, म्हणून माझ्या फोटो स्टुडिओतल्या पडद्याची नाडी सोडवून ती बांधली. पितळेचा गोळा मात्र तसाच आहे, तुमच्या अंगठ्यानं घासून गुळगुळीत झालेला. आणि परवापासून मला भीती वाटतेय. शेजारच्या दुकानदारानं शटर ओढलं तरी वाटतं, भिंत पडली. ही भीती दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, कारण भिंतीतलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. लिहून उपयोगही नव्हता म्हणा, तुम्हाला वाचता कुठं येत होतं. एसटीची पाटीसुद्धा तुम्ही मला वाचायला लावायचात आणि वर म्हणायचात, "नीट वाच गं, न्हाईतर अंबाजोगाई म्हनून परळीला नेशील."

पावसाळा सरत आला तेव्हा एका गावच्या शाळेचे हेडसर स्टुडिओत आले. तुम्हाला ठाऊकच आहे, दिवाळी झाली की आपल्याकडची निम्मी गावं ऊस तोडायला निघून जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, धाकटी लेकरं. शिकणारी लेकरं मागं राहावीत म्हणून आता शाळेतच त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतात, आईबाप परत येईपर्यंत. तर मुलींना झोपायला कोणती खोली द्यायची हे ठरवायला वरून फोटो मागवले होते. साहेबांना इतकी गावं हिंडणं होत नाही, फोटो बघून ते खोली मंजूर करणार होते. सर म्हणाले, "ताई, मोबाइलवर काढले तर सगळं वाकडंतिकडं दिसतंय. तुमी काढा, सरळ आले पायजेत." सरळ म्हटलं की मला चेव येतो, ही खोड तुमचीच.

शाळेत नऊ खोल्या, सगळ्या एकाच नकाशावरून बांधलेल्या. खोली लहान असली की कॅमेऱ्याचं तोंड थोडं वर करावं लागतं, तेव्हा कुठं जमीन आणि पत्रे दोन्ही फोटोत बसतात. पण तोंड वर केलं की फोटोत भिंती वरच्या बाजूला आत झुकल्यासारख्या दिसतात. भिंत सरळच असते, फोटो तेवढा झुकतो. मग तो कॉम्प्युटरवर ताणून सरळ करायचा. आता हे काम एकेका फोटोला करत बसलं तर दिवस जातो, म्हणून मी तुमचीच रीत वापरली. आठवतं, तुम्ही खिडक्यांची मापं घ्यायला एक काठी कापायचात आणि सगळ्या खिडक्यांना तीच लावायचात, टेप असला तरी? तसं मी प्रत्येक खोलीत दारापासून तेवढ्याच पावलांवर खडूची खूण केली, तिच्यावर स्टँड ठेवला, उंची तीच, कॅमेऱ्याचा कल तोच. स्टँडवर पाण्याच्या बुडबुड्याची नळी असते, तुमच्या पाणसळीसारखी. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय मी बटण दाबलं नाही. नऊही खोल्यांत नाही. एवढं केलं की पहिला फोटो सरळ करायचा, ती दुरुस्ती कॉपी करायची आणि बाकीच्या आठांवर एकदम पेस्ट करायची. एका झटक्यात सगळ्या भिंती ओळीनं उभ्या राहतात. बघताना लई बरं वाटतं.

आठ सरळ आले. सहाव्या खोलीचा आला नाही. मागची भिंत, खिडकी, उजवी बाजू, सगळं जागच्या जागी, फक्त डाव्या भिंतीची कड वरून आत आलेली. तिथं थांबायचं होतं, अप्पा. बुडबुडा मधोमध होता हे मला माहीत होतं, कारण मीच तो बघितला होता. पण मी काय म्हटलं? म्हटलं, फरशी फुटकी असेल, स्टँडचा पाय खचला असेल, आपलाच हात हलला असेल. दुरुस्ती सगळ्यांना एकच, तर एकटा हाच वाकडा का, हा प्रश्न मनात आलाच नाही. मी त्या फोटोचा वरचा डावा कोपरा माऊसनं धरला आणि बाहेर ओढला. कड सरळ झाली. त्या भिंतीजवळ वायरीला एक बल्ब लोंबकळत होता, ती वायर जरा तिरपी झालेली दिसली. वाटलं, वाऱ्यानं हलत असेल. नऊ फोटो पेनड्राइव्हवर टाकून दिले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो कापायला बसले.

खोली मंजूर झाली ती नेमकी सहावी. रिकामी आहे, दोन्ही खिडक्या धड आहेत, आणि फोटोत चांगली दिसत होती. सरांनी फोन करून सांगितलं तेव्हा मी खूश झाले. दिवाळीनंतर ट्रॉल्या गेल्या, कोणी कोल्हापूरकडं, कोणी पार कर्नाटकात, आणि सतरा मुली त्या खोलीत राहायला आल्या.

परवा सकाळी बीडला ट्रेनिंगला जाता जाता सर पुन्हा आले. शाळेच्या ऑफिसात लावायला नऊही खोल्यांचा मिळून एक मोठा फोटो करून हवा होता. दुपारी मी नऊ फोटो एका पानावर मांडले, तीन ओळी, ओळीत तीन. प्रत्येक खोलीत त्याच जागी तोच बल्ब, तीच लोंबती वायर. आठ वायरी सरळ आणि एक तिरपी. आधी वाटलं, वारा. मग दिसलं की सहाव्या खोलीच्या दोन्ही खिडक्या बंद आहेत. त्या दिवशी भुरभुर होती, मीच लावून घेतल्या होत्या. वारा येणार कुठून? मी मूळ फोटो उघडला आणि त्याच्यावर नुसती सगळ्यांची दुरुस्ती टाकली. वायर झाली सरळ, आणि भिंत आली आत. मी दुरुस्ती काढली, परत टाकली. वायर सरळ, भिंत आत. त्या बल्बच्या वायरीनं फोटोत ओळंबाच सोडलेला होता अप्पा, आणि तुमच्या लेकीनं भिंत खरी धरून ओळंबा वाकवला होता.

त्यानंतर मी काय केलं ते आठवलं तरी लाज वाटते. मी कॉम्प्युटर बंद केला आणि चहा प्यायला गेले. खरंच गेले. टपरीवर उभी राहून स्वतःला सांगत होते, इतकी वर्षं उभी आहे, अजून चार महिन्यांत काय होतंय. मग टपरीवाल्यानं दुधाचा रिकामा कॅन खाली टाकला, तो दणकन वाजला, आणि माझ्या हातातला कप सांडला. सरांना फोन लावला, तर ते ट्रेनिंगमध्ये, लागला नाही. मग शाळेत जेवण करणाऱ्या मावशींना फोन केला आणि म्हटलं, सहाव्या खोलीत डास मारायचं औषध मारायचंय, आज पोरींना वऱ्हांड्यात झोपवा. खोटंच सांगितलं. खरं सांगायची हिंमत नव्हती.

काल सकाळी स्कूटीवर गेले. सर शाळेतच होते. मी पिशवीतून गोळा काढला तर म्हणाले, "हे काय आनलंय ताई?"

"ओळंबा हाय सर. माझ्या वडलांचा."

सहाव्या खोलीत बाकावर चढून ओळंब्याचा लाकडी ठोकळा भिंतीला वरती टेकवला आणि दोरी सोडली. गोळा बराच वेळ थांबेचना. थांबला तेव्हा सर खाली वाकले. भिंत आणि गोळा यांच्यात त्यांनी बोटं घातली. एक, दोन, तीन, चार. चारही बोटं बसली. मागून काळ्या मातीचा भराव पावसाळ्यात फुगून भिंतीला रेटतोय, हे बाहेर जाऊन बघितल्यावर मलाही कळलं, तुम्हाला तर नुसतं सांगूनच कळलं असतं. दारात मुली जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "ताई, आमचं कॅलेंडर पन असंच हाय. खालून भिंतीला टेकतच न्हाई. वारं नसलं तरी हलतंय. आमी म्हनलं, खोलीत भूत हाय." बाकीच्या हसल्या. त्या भिंतीकडं डोकी करून झोपतात, अप्पा. तिकडं खिडकी नाही, गार लागत नाही म्हणून. ओळीनं सतरा उशा ठेवलेल्या होत्या.

सर सरळ उभे राहिले आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "पन फोटोत तर सरळ होती की भिंत! साहेबांनी फोटो बघूनच ही खोली दिली."

"फोटोत मी केली सर सरळ."

"कावून पन?"

"मला वाटलं, माझाच कॅमेरा वाकडा हाय."

ते बाकावर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मुलींना म्हणाले, "पोरींनो, अंथरुनं उचला. दोन नंबरच्या खोलीत चला. पळायचं न्हाई, भिंतीला हात लावायचा न्हाई." दोन नंबरमध्ये तांदळाची पोती आणि मोडके बाक आहेत. मुलींनी ते सरकवून जागा केली. मग सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे चार दिवस चालंल. तपासनीला कुनी आलं की पयला सवाल हाच, मंजूर खोली सोडून पोरी हितं कावून? मी काय दाखवू, हा लोंबता गोळा? म्हनतील, हेडमास्तर कारनं सांगतोय, पोरी परत न्या. तुमी लिहून द्या ताई. काय केलं, कसं केलं, खाली सही. सोमवारी मी स्वतः घेऊन जातो." मी "देते" म्हणाले. 

आज रविवार. स्टुडिओ बंद ठेवून सकाळपासून आत बसलेय. समोर कोरा कागद आहे. मला कशाकशाची भीती वाटतेय ते एकदा सांगूनच टाकते. हा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईल, लोक वाचतील, माझ्यावर काय कारवाई करतात कुणास ठाऊक. तालुकाभर होईल की ती स्टुडिओवाली खोटे फोटो करून देते. घरकुलाचे फोटो, शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो, लग्नं, कोण देईल मग? तुमच्या जावयांना अजून सांगितलेलं नाही, ते जेवायला बोलवून दोनदा गेले. आणि या सगळ्याच्या वर ती भिंत आहे. मुली तिथं नाहीत हे मला माहीत आहे, तरी डोळे मिटले की उशाच दिसतात.

पहिला कागद लिहिला तो असा: "सर्व फोटोंना एकच दुरुस्ती लागू केल्यामुळे सहाव्या खोलीच्या फोटोत सॉफ्टवेअरकडून चूक झाली." किती छान वाक्य आहे बघा. कुणी विचारणार नाही, कुणाला कळणार नाही. कॉम्प्युटरनं केलं म्हटलं की साहेबसुद्धा मान डोलावतात. सहीपर्यंत आले आणि पेन थांबलं. कारण चूक केली नव्हती ती त्या एका दुरुस्तीनंच. तिनं नऊही खोल्यांना सारखंच माप लावलं आणि जी वाकडी होती ती वाकडी दाखवली. खरं बोलणारी तेवढी एकच होती तिथं, आणि मी तिच्यावरच आळ घेत होते. हे मी पूर्वी एकदा केलेलं आहे अप्पा. कागद फाडला तो त्यामुळं. हे पत्रही त्यामुळंच लिहितेय.

तो उन्हाळा डोळ्यांसमोर येतो. मी एकोणीस वर्षांची आहे, अंबाजोगाईच्या कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आलेय. तेलगावच्या रस्त्याला तुम्ही एका मालकाचं घर बांधताय आणि मी तुमच्याबरोबर रोज जातेय, कारण बिगारी लग्नाला गेलाय. मी घुश्शातच आहे, मैत्रिणीनं चार दिवसांसाठी दिलेला कॅमेरा गळ्यात आहे आणि तुम्ही म्हणता, "कॅमेरा ठेव बाजूला, विटा दे." तुम्ही वर, बांबूच्या परांचीवर आहात. डोक्याला ओला टॉवेल. थर चढवून झाल्यावर तुम्ही वरून ओळंबा सोडता आणि विचारता, "बग गं, खाली लागला का?" गोळा खाली भिंतीला जेमतेम टेकला तरच भिंत सरळ. मी म्हणते, "लागला." तुम्ही आणखी थर चढवता, परत सोडता, परत विचारता. मी परत म्हणते, लागला. दुसऱ्या दिवशी मालक लांबून बघतो आणि म्हणतो, मिस्त्री, भिंत बाहेर आली की. तुम्ही ओळंबा लावता, खाली उतरून स्वतः बघता, आणि मग थापी उलटी धरून आदल्या दिवसाचे सगळे थर एकेक करून काढता. मला एक शब्द बोलत नाही. मालकाला म्हणता, "माझी नजर गेली मालक. वय झालं."

त्यानंतर तुम्ही कोपऱ्याचं, ओळंबा लावायचं काम कधी घेतलं नाही. दुसऱ्या मिस्त्र्याच्या हाताखाली माल कालवलात, प्लास्टर केलंत. मीच तुम्हाला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवायला नेलं. डॉक्टरांनी सगळी अक्षरं दाखवली, तुम्हाला ती येईनात, मग त्यांनी वेगवेगळ्या दिशांना तोंड फिरवलेल्या खुणांची पाटी दाखवली, ती तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर सांगितली. डॉक्टर म्हणाले, बाबा, तुमची नजर पोरापेक्षा चांगली आहे. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "लहान हाय डॉक्टर, त्याला काय कळतंय." मी हसले. एसटीत तुम्ही खिडकीतून बांधकामं बघत होतात आणि मध्येच डोळे चोळत होतात. मी शेजारी बसले होते, मला सांगता आलं असतं. स्टुडिओ उघडला त्या दिवशी तुम्ही हा ओळंबा रुमालात बांधून आणलात आणि म्हणालात, "माझ्या काय कामाचा आता. तुझ्या फोटोला उपयोगी पडंल." लोकांना वाटलं, बापानं आशीर्वाद दिला. मी तो पिशवीत घालून कपाटाच्या वर टाकला, हाताला लागू नये इतका वर.

आता दुसरा कागद लिहिलाय. तीनच ओळी आहेत. सहाव्या खोलीची डावी भिंत आत झुकलेली आहे, फोटोतही ती तशीच आली होती, फोटोचा कोपरा मी माझ्या हातानं ओढून ती सरळ केली. खाली सही. अक्षर वाकडं आलंय. नुसती सगळ्यांची दुरुस्ती टाकलेला फोटो सोबत जोडलाय, वायर सरळ असलेला. उन्हं उतरायच्या आत सरांच्या घरी देऊन येते. भीती गेली म्हणाल तर गेलेली नाही, उलट सही केल्यावर वाढलीय.

हे पत्र मात्र कुठंच जायचं नाही. घडी करून ओळंब्याच्या पिशवीत ठेवते. फक्त सरांच्या कागदाआधी हे लिहायचं होतं, अप्पा. त्या दिवशी तुम्ही वरून दोन्ही वेळा विचारलंत तेव्हा मी कॅमेऱ्यातून रस्त्यावरची बैलगाडी बघत होते. खाली बघितलंच नव्हतं. तुमची नजर चांगली होती.